संगणक सुरू केला की थेट आत: लिनक्सवर आपोआप लॉगिन कसे लावावे आणि कोणत्या खात्याला

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. घरातल्या जुन्या संगणकावर विंडोज ११ बसत नसेल, तर तो भंगारात देण्याऐवजी त्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट टाकता येते. दोन्ही मोफत आहेत, मुक्तस्रोत आहेत आणि रोजच्या कामाला पुरेशी आहेत.

आम्हीही तेच केले. मशीन छान चालू लागली आणि दुसऱ्याच दिवशी अम्मींची तक्रार आली, "हा दरवेळी पासवर्ड कशाला मागतो?" त्यांना फक्त दुबईतल्या मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोलायचे असते. इंग्रजी अक्षरे शोधत पासवर्ड टाकायचा, तो चुकायचा, मग शाळेतून पोरगी येईपर्यंत थांबायचे. तोवर तिकडे मुलाची सुट्टीची वेळ संपलेली.

यावर उपाय म्हणजे आपोआप लॉगिन, म्हणजेच ऑटोमॅटिक लॉगिन. बटण दाबले की पासवर्ड न विचारता थेट डेस्कटॉप उघडतो. लावायला पाच मिनिटे लागतात. मात्र ते कोणत्या खात्याला लावायचे, हे आधी ठरवा. खरी गोष्ट तीच आहे.

आधी वेगळे खाते काढा

बहुतेक घरांत संगणकावर एकच खाते असते. त्यातच आधार कार्डाचे स्कॅन, बँकेचे पासबुक, मुलीचा स्कॉलरशिपचा फॉर्म, निकाहनाम्याची प्रत आणि ब्राउझरमध्ये साठवलेले सगळे पासवर्ड असतात. या खात्याला आपोआप लॉगिन लावले, तर घरी आलेला पाहुणा, दुरुस्तीला आलेला माणूस किंवा शेजारचे पोर, जो कोणी बटण दाबेल त्याच्यासमोर हे सारे उघडे पडते. शिवाय बहुधा हेच खाते 'ॲडमिनिस्ट्रेटर' असते.

म्हणून दोन खाती ठेवा. एक तुमचे, ॲडमिनिस्ट्रेटर, पासवर्डसकट. दुसरे घरच्यांसाठी, 'स्टँडर्ड' प्रकारचे, ज्यात महत्त्वाचा एकही कागद नाही. आपोआप लॉगिन फक्त या दुसऱ्याला.

उबुंटू २४.०४ मध्ये: 'सेटिंग्ज' उघडा, 'सिस्टिम'मध्ये जा, मग 'यूजर्स'. वरचे 'अनलॉक' दाबून तुमचा पासवर्ड द्या आणि 'ॲड यूजर' निवडा. 'ॲडमिनिस्ट्रेटर'चे बटण बंदच राहू द्या. जुन्या आवृत्त्यांत 'यूजर्स' थेट 'सेटिंग्ज'मध्ये दिसते.

लिनक्स मिंटमध्ये: मेनूतून 'ॲडमिनिस्ट्रेशन', मग 'यूजर्स अँड ग्रुप्स'. नवे खाते जोडताना प्रकार 'स्टँडर्ड' ठेवा.

नव्या खात्यालाही पासवर्ड द्या. आपोआप लॉगिन म्हणजे पासवर्ड नसणे नव्हे. पासवर्ड असतोच, फक्त मशीन सुरू होताना विचारला जात नाही.

आता एक तपासणी करा. तुमच्या खात्यात जाऊन तुमच्या होम फोल्डरवर उजवे क्लिक करा, 'प्रॉपर्टीज'मधले 'परमिशन्स' पाहा. तिथे 'अदर्स'समोर 'नन' हवे. उबुंटूमध्ये २१.०४ या आवृत्तीपासून नवी होम फोल्डर्स इतरांना बंदच असतात. त्याआधीपासून चालत आलेल्या खात्यांचे फोल्डर मात्र इतरांना वाचता येऊ शकते.

आता आपोआप लॉगिन लावा

उबुंटू: त्याच 'यूजर्स'च्या पानावर घरच्यांचे खाते निवडा आणि 'ऑटोमॅटिक लॉगिन'चे बटण चालू करा. ही सोय एका वेळी एकाच खात्याला मिळते.

लिनक्स मिंट: 'ॲडमिनिस्ट्रेशन'मध्ये 'लॉगिन विंडो' उघडा, 'यूजर्स' या भागात जा. 'ऑटोमॅटिक लॉगिन'खाली खात्याचे नाव लिहा. इथे खात्याचे इंग्रजी लहान अक्षरांतले यूजरनेम लागते. स्क्रीनवर दिसणारे पूर्ण नाव लिहिले तर चालत नाही.

केडीई प्लाझ्मा: 'सिस्टिम सेटिंग्ज'मध्ये 'लॉगिन स्क्रीन' शोधा, त्यातले 'बिहेवियर' दाबा, आपोआप लॉगिनच्या पर्यायावर खूण करून खाते निवडा.

मग मशीन रीस्टार्ट करून पाहा. तुमच्या खात्यात जायचे असेल तेव्हा 'लॉग आउट' करा. लॉगिनचा पडदा समोर येईल, तिथे आपले नाव निवडून पासवर्ड द्या. आपोआप लॉगिन फक्त मशीन सुरू होताना काम करते. सोय नको झाली तर त्याच जागी जाऊन बंद करा.

तरीही पासवर्ड मागतोय?

लोक इथेच गोंधळतात. कारणे बहुधा तीन.

पहिले, स्क्रीन लॉक. मशीन थोडा वेळ पडून राहिली की पडदा बंद होतो आणि उघडताना पासवर्ड विचारला जातो. ही वेगळी सेटिंग आहे. घरच्यांच्या खात्यात जाऊन उबुंटूमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मधले 'स्क्रीन लॉक' बंद करा. मिंटमध्ये ही सेटिंग 'स्क्रीनसेव्हर'मध्ये मिळते.

दुसरे, कीरिंग. ब्राउझर उघडला की 'लॉगिन कीरिंग अनलॉक झाली नाही' अशा अर्थाची चौकट येते. कीरिंग म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची कुलूपबंद पेटी. एरवी लॉगिनला टाकलेल्या पासवर्डानेच ती उघडते. आपोआप लॉगिनमध्ये पासवर्ड कोणी टाकलेलाच नसतो, म्हणून ती बंद राहते. 'पासवर्ड्स अँड कीज' या प्रोग्रॅममध्ये कीरिंगचा पासवर्ड रिकामा करता येतो, पण मग आतले सारे कुलपाशिवाय, साध्या रूपात साठते. घरच्यांच्या खात्यात एकही पासवर्ड साठवला नसेल तर हे चालेल. तुमच्या खात्यात मात्र असे कधीही करू नका.

तिसरे, नवा प्रोग्रॅम टाकताना किंवा सिस्टिम बदलताना विचारला जाणारा पासवर्ड. तो ॲडमिनिस्ट्रेटरचा असतो. तो विचारलाच पाहिजे. मुलांनी चुकून काही उडवू नये, यासाठीच तो आहे.

लॅपटॉपचे वेगळे

घरात एका जागी असलेल्या डेस्कटॉपला ही सोय ठीक. लॅपटॉप मात्र बसमध्ये, एसटी स्टँडवर, क्लासमध्ये फिरतो आणि हरवूही शकतो. शिवाय एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते: लॉगिनचा पासवर्ड असला तरी डिस्कवरच्या फायली सुरक्षित असतातच असे नाही. पेन ड्राइव्हवरून दुसरी लिनक्स सुरू केली की त्या वाचता येतात. खरे संरक्षण डिस्क एन्क्रिप्शनचे. ते लिनक्स टाकतानाच निवडावे लागते, त्यामुळे आधी फायलींची दुसरी प्रत काढून ठेवा.

एन्क्रिप्शन असेल तर मशीन सुरू होताच त्याचा पासवर्ड द्यावा लागतो. हा पासवर्ड कोणत्याही सेटिंगने टाळू नका. तो दिल्यावर पुढे आपोआप लॉगिन लावले, तर दोनऐवजी एकच पासवर्ड लागतो आणि बंद लॅपटॉप चोराच्या हाती पडला तरी कागदपत्रे त्याला वाचता येत नाहीत. झाकण मिटून चालू ठेवलेल्या लॅपटॉपला मात्र हे लागू नाही. तिथे स्क्रीन लॉक चालूच ठेवा.

दुकानाचा हिशेब, क्लासच्या मुलांची यादी किंवा कुणाचेही कागद ज्या खात्यात असतील, त्याला आपोआप लॉगिन नको. ती लोकांची अमानत आहे, आपल्या सोयीसाठी उघडी ठेवायची नाही.

आमच्याकडे आता अम्मी स्वतः बटण दाबतात. त्यांच्या डेस्कटॉपवर फक्त दोन चित्रे आहेत, एक ब्राउझरचे आणि एक नातवंडांच्या फोटोंचे. घरची कागदपत्रे दुसऱ्या खात्यात, पासवर्डामागे आहेत. पोरगी शाळेतून येण्याची वाट आता कोणाला पाहावी लागत नाही.