तापानंतर गार पडलेला पाय

साथींचा इतिहास आपण बहुधा मृत्यूंच्या आकड्यांत वाचतो. जो साथीतून वाचला, पण पाय गमावून बसला, त्याला त्या आकड्यांत जागा नसते. श्वासावाटे शिरणाऱ्या विषाणूमुळे पाय का जावा, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर उत्तर शोधण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागते. त्या वाटेवर खानदेशाने पाहिलेल्या दोन मोठ्या साथी येतात : १९१८ची आणि २०२०ची.

१९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत सुरू झाली आणि रेल्वेने देशभर गेली. जुन्या खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले होते. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. मुंबईहून येणारा लोहमार्ग भुसावळला नागपूर आणि इटारसी या दोन दिशांना फुटतो. म्हणजे खानदेश साथीच्या हमरस्त्यावरच होता. सप्टेंबर-ऑक्टोबरमधील दुसरी लाट अधिक घातक ठरली, आणि त्याच वर्षी पावसानेही दगा दिला होता. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली.

हा रोग विषाणूचा आहे हे तेव्हा ठाऊक नव्हते. अनेक डॉक्टर एका जिवाणूला दोष देत होते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली सापडला. मात्र तापानंतर रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात, हे अनुभवी डॉक्टरांना माहीत होते. वैद्यकाच्या ग्रंथांत या आजाराच्या उपद्रवांच्या यादीत त्याचा उल्लेख असे. पण पाय काळा पडू लागल्यावर तो कापण्यापलीकडे सहसा उपाय नसे.

गुठळी का होते, याचा पाया जर्मन डॉक्टर रुडोल्फ फिरखो याने १८४०-५०च्या दशकांत घातला. एका ठिकाणी झालेली गुठळी सुटून रक्ताबरोबर वाहत जाते आणि दूरची वाहिनी बंद करते, हे त्याने दाखवले. आज त्याच्या नावाने तीन कारणे शिकवली जातात : रक्ताचा वेग मंदावणे, वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. पाटाच्या पाण्याचे उदाहरण वर्गात चांगले पटते. पाणी संथ झाले, काठ ढासळला किंवा पाण्यात गाळ वाढला, की पाट तुंबतो. तीव्र विषाणुसंसर्गात ही तिन्ही कारणे एकाच वेळी हजर होऊ शकतात. रोगी अंथरुणाला खिळतो, दाहामुळे अस्तर सुजते आणि रक्तात गोठवणारे घटक वाढतात.

उपायांच्या इतिहासात दोन विद्यार्थी भेटतात. १९१६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठवणारे द्रव्य शोधत होता. त्याला सापडले ते नेमके उलट, रक्त गोठू न देणारे. यकृतातून मिळालेल्या अशा द्रव्याला त्याचे प्राध्यापक हॉवेल यांनी १९१८ साली ‘हेपॅरिन’ हे नाव दिले. म्हणजे साथीच्या वर्षी औषधाला नाव मिळाले होते, पण रोग्यांपर्यंत ते १९३०च्या दशकात पोचले.

दुसरा विद्यार्थी थॉमस फोगार्टी. सिनसिनाटीच्या रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात काम करताना धमनीतील गुठळी काढण्यासाठी होणारी लांबलचक शस्त्रक्रिया आणि तरीही जाणारे पाय त्याने पाहिले होते. त्याने एका बारीक नळीच्या टोकाला रबरी हातमोज्याच्या बोटाचा तुकडा बांधला. मासेमारीचे गळ बांधण्याचा त्याचा हात येथे कामी आला. रिकामा फुगा गुठळीच्या पलीकडे न्यायचा, मग फुगवायचा आणि गुठळीसह ओढून घ्यायचा. १९६१ साली तो माणसावर प्रथम वापरला गेला. आता छोट्या छेदातून, बऱ्याचदा फक्त तेवढाच भाग बधिर करून, हे काम होते.

तरीही २०२०च्या साथीने वैद्यकाला पुन्हा चकित केले. कोविडमध्ये बहुतेक गुठळ्या फुप्फुसांत व शिरांत होत. हातापायांच्या धमन्या थोड्याच रोग्यांत बंद पडत. पण इटलीतील ब्रेशिया येथील शल्यविशारदांनी त्या वर्षीच्या पहिल्या तीन महिन्यांत कोविडचे असे २० रोगी नोंदवले. १७ जणांवर उपचार करून धमनी मोकळी करण्याचा प्रयत्न झाला, पण तो १२ जणांतच यशस्वी झाला. रक्तच गोठण्याच्या बेतात असेल, तर पाट साफ करून पुरत नाही. भारताच्या आरोग्य मंत्रालयाच्या उपचार-सूचनांत जून २०२० मध्ये रुग्णालयातील रोग्यांसाठी हेपॅरिनची प्रतिबंधक मात्रा आली. त्याच मे-जूनमध्ये जळगाव जिल्ह्यातील कोविडचा मृत्युदर देशाच्या सरासरीच्या काही पट होता.

धमनी पूर्ण बंद झाली, की पायाचे स्नायू साधारण सहा तास तग धरतात. हे तास वेदना सुरू होताच मोजायचे असतात, रुग्णालयात पोचल्यापासून नव्हे. धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून आहे, जळगावात २०१८ पासून. पण रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ मुख्यतः मोठ्या शहरांत आहेत. धुळ्याहून नाशिक सुमारे १६० किलोमीटर, जळगावहून सुमारे २५०. चोपडा किंवा शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या गावातून निघालेल्या रोग्याचे निम्मे तास रस्त्यावरच जातात. उरलेले बहुधा ‘सकाळपर्यंत पाहू’ यात जातात. रस्ता आपण एका दिवसात आखूड करू शकत नाही, पण ही वाट पाहणे टाळता येते.

त्यासाठी लक्षणे ठाऊक हवीत. एकाएकी तीव्र वेदना, पाय पांढरा आणि गार पडणे, मुंग्या, बधिरपणा, बोटे न हलणे आणि नाडी न लागणे. अशा पायाला शेक देऊ नये; बधिर कातडी भाजली तरी कळत नाही. चोळत बसू नये. तडक डॉक्टर गाठावा आणि अलीकडे ताप येऊन गेला असल्यास तसे सांगावे.

नाडी शोधणे हा दहा मिनिटांचा वर्गपाठ होऊ शकतो. पावलाच्या वरच्या बाजूस, अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या हाडांमधल्या खाचेच्या वरच्या टोकाशी, दोन बोटे अलगद टेकवावीत. आपला अंगठा वापरू नये, त्याचीच नाडी जाणवते. काही निरोगी माणसांत ही नाडी लागत नाही. त्यांनी आतल्या घोट्यामागे पाहावे. दोन्ही पाय तपासून तुलना करायला सांगावे.

फिरखोला १८४८ साली सरकारने सायलेशिया प्रांतातील साथ पाहण्यास पाठवले होते. त्याने अहवालात औषधांपेक्षा शिक्षण, रस्ते आणि गरिबी यांविषयीच अधिक लिहिले. रक्ताच्या गुठळीचा अभ्यास करणाऱ्या माणसाने रस्त्यांविषयी का लिहावे, हे खानदेशातल्या शिक्षकाला वेगळे समजावून सांगावे लागू नये.