कचारगडाखालची वाट

माघी पौर्णिमेची कचारगडची यात्रा पाहून परततांना दरेकसाच्या स्थानकावर प्रस्तुत लेखकाची गाडी चुकली. दोष सर्वस्वीं आमचाच. गुहेच्या तोंडाशीं बसून लिंगोची कथा ऐकतांना वेळेचें भान राहिलें नाहीं. गोंदियास पोहोंचून रात्रीची हावड्याची गाडी धरावयाची होती आणि दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास हजर होणें अगत्याचें होतें. फलाटावर आमच्या येरझारा चाललेल्या पाहून बाकावर बसलेले एक वृद्ध गोंड गृहस्थ म्हणाले, "भाऊ, येवढे कशाला घाबरता? आमचे देव ह्याच डोंगरांत अडकून होते."

हें बोलणें थट्टेचें नव्हतें. कली कंकालीचीं मुलें शंभूनें ह्या गुहेंत कोंडलीं, तोंडावर प्रचंड शिळा बसविली. पुढें पारी कुपार लिंगो व जंगो रायताड यांनीं त्यांच्या सुटकेचा उपाय योजिला, आणि शिळा हलवितांना वादक हिरासुका पाटारी तिच्याखालीं चिरडला गेला, अशी येथील श्रद्धा आहे. गोंडांच्या कोंडले जाण्याचें एक दीर्घ गीत नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनीं उतरून घेतलें होतें. त्यांत काचीकोपा लोहगड हें नांव येतें. कचारगड हाच तो लोहगड, असें डॉ. मोतीरावण कंगाली यांनीं प्रतिपादिलें. हिस्लॉपांना मात्र आपलें लिखाण छापलेलें पाहावयास मिळालें नाहीं. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाहून घोड्यावरून परततांना पूर आलेल्या नदींत ते बुडाले, आणि त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ मध्यें प्रसिद्ध केले. त्या काळीं नागपुराभोंवतीं प्रवास करणें म्हणजे काय होतें, हें एवढ्यावरून ध्यानांत यावें.

नागपूरास आगगाडी १८६७ मध्यें आली, पण ती मुंबईकडून. पूर्वेस भंडारा, साकोली, देवरी, राजनांदगांव असा रायपूरकडे जाणारा सुमारें १८० मैलांचा रस्ता बैलांच्या खुरांवरच चालत होता. कलकत्त्याचा मनुष्य रायपूरास जावयाचा झाला तर त्यानें अलाहाबाद, जबलपूर, इटारसी, भुसावळ असा अर्ध्या हिंदुस्थानास वळसा घालून नागपूर गांठावें व तेथें बैलगाडी जुंपावी. १८७७ मध्यें एका कुटुंबानें नेमकें हेंच केलें. कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपूरास होते. पत्नी भुवनेश्वरीदेवी मुलांसह त्यांच्याकडे निघाल्या. थोरला मुलगा नरेंद्रनाथ त्या वेळीं चौदा वर्षांचा होता. तोच पुढें विवेकानंद झाला.

गाड्या पंधरवड्याहून अधिक दिवस चालल्या. वाटेंतील एक प्रसंग त्यांच्या चरित्रांत आहे. एके ठिकाणीं दोन उंच कडे एकमेकांजवळ येऊन वाटेवर झुकले होते, आणि कड्याच्या भेगेंत वरपासून खालपर्यंत मधमाश्यांचें एक अवाढव्य पोळें लोंबत होतें. त्या माश्यांच्या राज्याचा आदि-अंत काय असेल, ह्या विचारांत मुलाचें बाह्य भान हरपलें. शुद्धीवर आला तेव्हां गाडी बरीच पुढें गेली होती. गाडींत तो एकटाच असल्यामुळें कोणास कांहींच कळलें नाहीं.

ही जागा कोणती? चरित्रांत विंध्याचें नांव आहे, गांवाचें नाहीं. दरेकसाच्या परिसरांत मात्र ती आपलीच घाटी, असें अभिमानानें सांगतात. आमच्या मतें मोठा रस्ता येथून बराच दक्षिणेस, देवरीकडून जात असल्यामुळें गाड्या कचारगडाच्या पायथ्याशीं आल्या असणें कठीण दिसतें. तरी पण हे कडे, हीं जंगलें आणि झाडाकड्यांवर लटकणारीं आग्यामोहोळें पाहिलीं म्हणजे ती आठवण ह्याच डोंगररांगेची असावी, ह्याविषयीं फारसा संशय उरत नाहीं. विंध्य हें नांव तरी आपल्याकडे नर्मदेच्या दोन्ही तीरांस किती सैलपणें लावलें जातें!

ह्या प्रसंगाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. परतीच्या प्रवासाकडे मात्र कोणी फारसें पाहात नाहीं, आणि खरी काळजी तेथेंच होती. रायपूरास त्या वेळीं योग्य शाळा नव्हती. नरेंद्र दोन वर्षें घरीं, वडिलांशीं वाद करीत आणि पुस्तकें वाचीत, राहिला. लोहमार्ग अजून रायपूरच्या बाजूस आलेला नसल्यामुळें परततांनाही बैलगाडीच होती. १८७९ मध्यें कलकत्त्यास पोहोंचल्यावर विद्यासागरांच्या मेट्रोपॉलिटन शाळेंत त्यास पुन्हां घेण्याविषयीं अडचण निघाली. एवढा खंड पडलेला मुलगा प्रवेश-परीक्षेस कसा बसणार? एक वर्ष फुकट गेलें असतें तर घरांत काय वाटलें असतें, हें मुलें शिकविणाऱ्या कोणत्याही आईबापांस सांगावयास नको. पण तीन वर्षांचा अभ्यास त्यानें एका वर्षांत उरकला आणि तो पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला.

पुढें रुळ आले. नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मीटर-रुंदीचा मार्ग १८८२ पर्यंत राजनांदगांवास पोहोंचला. हा मार्ग जुन्या रस्त्याप्रमाणें देवरीकडून न जातां उत्तरेकडून, गोंदिया आणि दरेकसा असा गेला. कचारगडाच्या नशिबीं स्थानक आलें तें त्यामुळें. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वेनें तो घेऊन रुंद केला आणि १८९१ मध्यें आसनसोलपर्यंत नेला. खरगपुरावरून हावड्याची सरळ वाट व्हावयास १९०० साल उजाडलें. पंधरवड्याची वाट एका रात्रीची झाली. आज माघी पौर्णिमेस अनेक प्रांतांतून येणारे गोंड यात्रेकरू सालेकसास किंवा दरेकसास उतरतात आणि धनेगांवावरून गड चढतात.

आमची गाडी दोन तासांनीं आली. म्हाताऱ्याबोवांनीं गांठोडें उचलून आम्हांस आधीं चढूं दिलें. गोंदियास हावड्याची गाडी मिळाली, आणि तासाभराच्या आंतच ती दरेकसावरून, क्षणभरही न थांबतां, पलीकडच्या बोगद्यांत शिरली.