कॅनडाचे लेखक, जगाचे पुरस्कार

स्वीडिश अकादमीने १० ऑक्टोबर २०१३ रोजी ॲलिस मन्रो यांना साहित्याचे नोबेल जाहीर केले. कॅनडाचे हे पहिले साहित्य नोबेल की दुसरे, याचे उत्तर मात्र सरळ नाही. १९७६ चे नोबेल मिळविणारे सॉल बेलो जन्माने क्विबेकमधील लाशीनचे; पण बालपणीच कुटुंबासह शिकागोला गेल्यामुळे ते अमेरिकन लेखक ठरले. कॅनेडियन लेखक कोणाला म्हणायचे, हा प्रश्न या देशाच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या सन्मानामागे उभा असतो.

मन्रो यांच्याबाबतीत तो उद्भवत नाही. १९३१ मध्ये ऑन्टॅरिओतील विंगहॅम येथे जन्मलेल्या या लेखिकेने त्याच परिसरातील छोट्या गावांवर आयुष्यभर प्रामुख्याने कथाच लिहिल्या. प्रकाशकांच्या लेखी कथेपेक्षा कादंबरीचे वजन अधिक असताना २००९ मध्ये त्यांना मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार आणि पुढे नोबेल मिळाले. प्रकृतीमुळे त्या स्टॉकहोमला जाऊ शकल्या नाहीत. मुलीने पारितोषिक स्वीकारले. मे २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. दोनच महिन्यांनी धाकट्या मुलीने ‘टोरांटो स्टार’मध्ये लेख लिहून, सावत्र वडिलांनी बालपणी आपले लैंगिक शोषण केले व ते कळूनही आईने त्यांची साथ सोडली नाही, हे उघड केले. तेव्हापासून मन्रो यांच्या कथा वेगळ्या नजरेने वाचल्या जाऊ लागल्या.

बुकरचा मार्ग कॅनडासाठी आरंभापासून खुला होता. १९६९ पासून राष्ट्रकुलातील लेखक या पुरस्काराला पात्र होते. अमेरिकनांना २०१४ पर्यंत थांबावे लागले. तरीही कॅनडाला तो प्रथम मिळाला १९९२ मध्ये, मायकेल ओंडाची यांच्या ‘द इंग्लिश पेशंट’ला, आणि तोही बॅरी अन्सवर्थ यांच्यासह विभागून. ओंडाची कोलंबोत जन्मलेले. या कादंबरीला २०१८ मध्ये बुकरच्या पन्नाशीनिमित्त ‘गोल्डन मॅन बुकर’चा मान मिळाला. मार्गारेट ॲटवुड यांनी २००० मध्ये ‘द ब्लाइंड असॅसिन’साठी आणि २०१९ मध्ये ‘द टेस्टमेंट्स’साठी (बर्नार्डिन एव्हरिस्टो यांच्यासह) बुकर पटकावले. २००२ चे मानकरी यान मार्टेल स्पेनमध्ये जन्मले आणि त्यांच्या ‘लाइफ ऑफ पाय’चा नायक पुदुच्चेरीचा.

फ्रेंच भाषिकांची वाट पॅरिसमधून जाते. गॅब्रिएल रॉय यांना १९४७ मध्ये ‘फेमिना’, तर अकादियन लेखिका आंतोनिन माये यांना १९७९ मध्ये ‘गोंकूर’ मिळाले. कॅरॉल शील्ड्स यांची गोष्ट आणखी निराळी. जन्माने अमेरिकन, वास्तव्य कॅनडात आणि नागरिकत्व दोन्हींचे. त्यामुळे ‘द स्टोन डायरीज’ या एकाच कादंबरीला कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार आणि १९९५ चे पुलित्झर असे दोन्ही लाभले.

या यशामागे देशांतर्गत आधार आहे. गव्हर्नर जनरल पुरस्कार १९३६ पासूनचा. १९५७ मध्ये स्थापन झालेली कॅनडा कौन्सिल लेखक-प्रकाशकांना अनुदान देते. १९९४ मध्ये जॅक रॅबिनोविच यांनी दिवंगत पत्नी डोरिस गिलर यांच्या स्मरणार्थ गिलर पारितोषिक सुरू केले. प्रारंभीची २५ हजार डॉलरची रक्कम २०१४ मध्ये एक लाख झाली.

मुंबईकर वाचकांना या यादीतील सर्वांत जवळचे नाव रोहिंटन मिस्त्री यांचे. मुंबईत १९५२ मध्ये जन्मलेले मिस्त्री १९७५ मध्ये कॅनडाला गेले, टोरांटोत बँकेत नोकरी करता करता लिहू लागले. पण कादंबऱ्यांतून मुंबई सुटली नाही. १९७१ च्या युद्धकाळातील मुंबईतील पारशी कुटुंबाची कथा सांगणाऱ्या ‘सच अ लाँग जर्नी’ला १९९१ चा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला. आणीबाणीवरील ‘अ फाइन बॅलन्स’ने १९९५ चे गिलर जिंकले. पुढची ‘फॅमिली मॅटर्स’ धरून तिन्ही कादंबऱ्या बुकरच्या अंतिम यादीत पोहोचल्या. बुकर मात्र हुकलेच.

‘सच अ लाँग जर्नी’ मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातही होती. २०१० मध्ये शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने विरोध केल्यानंतर विद्यापीठाने ती काढून टाकली. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, मिस्त्री यांना अमेरिकेतील न्यूस्टाट आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले.