मासा सोडणाऱ्यांचा सत्कार

आजच्या भागात एका गावाची आणि एका नदीची गोष्ट सांगते. अमेरिकेत मिशिगन नावाचं राज्य आहे. तिथे ऑसेबल नदीच्या काठी ग्रेलिंग हे गाव आहे. ग्रेलिंग हे मूळ माशाचं नाव. पाठीवर पंख्यासारखा मोठा पर असलेला हा मासा त्या नदीत इतका होता, की त्याचंच नाव गावाला मिळालं. पुढे लाकडासाठी काठचं पाइनचं जंगल तोडलं गेलं. तोडलेले ओंडके नदीतूनच वाहून नेत, त्यामुळे मासे जिथे अंडी घालत तो खडीचा तळ खरवडला गेला. सावली गेल्यामुळे पाणी तापलं. त्यात लोकांनी मासे धरले तेही बेसुमार. 1930 च्या दशकात ग्रेलिंग मिशिगनच्या नद्यांतून नाहीसा झाला. गावाच्या पाटीवर माशाचं नाव राहिलं, नदीत मासा राहिला नाही.

तिथे हौस म्हणून गळ टाकणारे लोक पुष्कळ. त्यांना ना मासा विकायचा असतो, ना त्यावर घर चालवायचं असतं. पूर्वी या हौशी लोकांत मान कुणाला? ज्याचा मासा सगळ्यात मोठा, त्याला. माशांची माळ हातात धरून फोटो काढायचा, बक्षीस घ्यायचं. हा मान बदलला कसा, तेच आज सांगायचं आहे.

सुरुवातीला एका बाईचं नाव घेते. त्याच देशाच्या ईशान्य टोकाला मेन नावाचं राज्य आहे. तिथल्या कॉर्नेलिया क्रॉस्बी बँकेत नोकरी करत. तब्येत नाजूक होती. मोकळ्या हवेत राहायला लागल्या आणि गळ टाकण्यात इतक्या तरबेज झाल्या, की वर्तमानपत्रात त्यावर सदर लिहू लागल्या. मासे धरण्यावर मर्यादा हवी, हे त्यांनी आग्रहाने मांडलं. 1897 मध्ये मेन राज्याने जंगलातल्या वाटाड्यांची नोंदणी सुरू केली, तेव्हा पहिल्या क्रमांकाचा परवाना दिला तो क्रॉस्बीबाईंना. मैत्रिणींनो, त्या काळी अमेरिकेत सगळ्या बायकांना मतदानाचा हक्कसुद्धा नव्हता!

आता पुन्हा ऑसेबलच्या काठी येऊ. ग्रेलिंग गेला तरी नदीत ट्राउट जातीचे मासे होते. त्यांचीही तीच गत होईल, ही धास्ती काही जणांना होती. जुलै 1959 मध्ये जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नदीकाठच्या घरी 16 जण जमले. आपला बचत गट सुरू होतो तेव्हा असतो, जवळपास तेवढाच आकडा. त्यातून ‘ट्राउट अनलिमिटेड’ ही संस्था उभी राहिली. ज्या घरात बैठक झाली त्या घराच्या नावाचा मराठीत अर्थ ‘बिनकाट्याचा गळ’ असा होतो. गळाच्या टोकाजवळ उलटा काटा असतो, त्यामुळे मासा निसटत नाही. तो काटा नसेल तर मासा फारशी इजा न होता सोडून देता येतो.

या लोकांनी पहिला प्रश्न सरकारलाच विचारला. सरकार हौदात वाढवलेले मोठे मासे नदीत आणून सोडत असे आणि लोक ते लगेच धरून नेत. हे म्हणाले, हा पैसा नदीवर खर्च करा. पाणी थंड आणि स्वच्छ राहिलं तर मासे आपोआप वाढतील. चार-पाच वर्षांत राज्याने ते धोरण बदललं. आज या संस्थेच्या देशभर जवळपास 400 शाखा आहेत. सभासद काठावर झाडं लावतात, पाण्याचं तापमान मोजतात, माशांची वाट अडवणारे जुने बांध काढायला लावतात.

मग अशा माणसांचा सत्कार त्यांनी कसा केला? ग्रिफिथ यांचं नाव आज गळाला लावायच्या एका खोट्या माशीला आहे. मोरपिसाचा तंतू आणि चितकबऱ्या कोंबड्याचं पीस दोऱ्याने गुंडाळून ती करतात. आकाराने चिलटाएवढी. पण जगभर ट्राउटमागे फिरणारे लोक ती स्वतःच्या हाताने वळतात आणि वळताना ते नाव घेतात.

ग्रिफिथ यांचे मित्र जॉर्ज मेसन हे मोटार कंपनीचे प्रमुख होते. 1954 मध्ये ते वारले. ऑसेबलच्या दक्षिण फाट्यावरची सुमारे 1,500 एकर जमीन त्यांनी राज्याला देऊन ठेवली होती. अट होती, ही जमीन विकायची नाही. त्या जागेला आज त्यांचं नाव आहे. पण नुसतं नाव देऊन भागत नाही, सख्यांनो. पुढे तिथे जमिनीखालच्या गॅससाठी विहीर खोदायला परवानगी मिळाली. तेव्हा नदीवरच्या हौशी मच्छीमारांची संघटना कोर्टात गेली. 2008 मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द पाळला गेला. माझ्या मते मेसन यांचा खरा सत्कार तो होता.

आपल्याकडेही अशी उदाहरणं आहेत. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहातले मासे देवाचे म्हणून कुणी धरत नाही. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महसीर माशाची पिल्लं वाढवली, ती दूरदूर नेली गेली. हेतू चांगलाच होता. पण निळ्या परांचा हा महसीर कर्नाटकात कावेरीत पसरला आणि तिथला मूळचा, पाठीला कुबड असलेला महसीर कमी होत गेला. हे कळलं कसं? कावेरीकाठी गलिबोरे इथे हौशी मच्छीमारांचा तळ होता. तिथे मासा धरून सोडायचा आणि वहीत नोंद करायची अशी पद्धत होती. 1998 ते 2012 या वर्षांच्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा एक मासा वाढतोय आणि दुसरा सरतोय हे आकड्यांत दिसलं. आज कावेरीचा तो मासा अतिसंकटग्रस्त यादीत आहे. रोज संध्याकाळी दमून आल्यावर ज्यांनी वही उघडली, त्यांच्यामुळे ही गोष्ट उघड झाली.

वही लिहिणाऱ्या बाईचं मोल आपल्या गटांना सांगायला नको. पण शाल देताना आपण बघतो ते सगळ्यात जास्त बचत आणि सगळ्यात मोठं कर्ज, म्हणजे मोठा मासाच. यंदाच्या वार्षिक सभेआधी गटात एवढं बोला: हप्त्याच्या नोंदी न चुकता कोण ठेवतं? पाणवठ्याची साफसफाई न सांगता कोण करतं? आपल्या ओढ्यात पूर्वी कोणते मासे होते, त्यांची नावं कोणत्या आजीला आठवतात? त्या आजीला सभेत बोलवा, ती नावं वहीत उतरवून घ्या, आणि मग टाळ्या वाजवा.