टोचन

बंद पडलेली गाडी दुसऱ्या गाडीनं ओढत न्यायची असली की आमच्याकडं म्हणतात, "टोचन लावा." इंग्रजीतल्या टो-चेनला ड्रायव्हर लोकांनी दिलेलं हे मराठी रूप. शाळेत हा शब्द कोणी शिकवला नाही, पण रस्त्यावरच्या कोणत्याही ढाब्यावर तो समजतो. रिसोड तालुक्यातल्या आमच्या रिठदमध्ये बंडी ओढायला बैल होते तेव्हापासून आजपर्यंत ओढण्याची साधनं कशी बदलली आणि त्यापायी माणसाला काय काय शिकावं लागलं, ते मी पाहिलं तसं इथं लिहितो. मी दहावी शिकलेला माणूस. पण पंधरा वर्षं टोचनची गाडी घरात होती, तिनं बरंच शिकवलं.

आमची जमीन काळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि मृगाच्या दोन पावसांत तीच जमीन चाकाला अशी चिकटते की चाक आणि चिखल वेगळा ओळखू येत नाही. माझ्या लहानपणी कापसाची किंवा ज्वारीची बंडी नाल्यात रुतली की हाक मारायची. शेजारच्या वावरातला माणूस आपली जोडी सोडून आणायचा, जुवाला दोर बांधायचा आणि पुढं दुसरी जोडी जुंपायचा. हे आमचं पहिलं टोचन. त्याचे पैसे कोणी घेत नसे, कारण पुढच्या पावसात त्याची बंडी रुतणारच होती.

बंडीवर दहा-बारा क्विंटल माल चढला की बैल मान खाली घालायचा, नाकपुड्या फुगवायचा, कधी सरळ बसून घ्यायचा. किती ओझं पेलतं ते बैलच सांगायचा. बंडीची निगाही सोपी होती. आसाला वंगण द्यायचं, चाकाची लोखंडी धाव ढिली झाली की लोहाराकडं नेऊन ती गोवऱ्यांच्या जाळात तापवायची, लाकडी चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आकसून आऱ्यांना घट्ट आवळून धरायचं. वंगण चुकलं तर आस करकरायचा, ते अख्ख्या गावाला ऐकू जायचं. घरातली म्हातारी माणसं अंगणातूनच ओरडायची, "वंगण दे रे त्याले!"

मग इंजीन आलं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसानं आपलं पहिलं नीट चालणारं इंजीन १८९७ साली उभं केलं. पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी लागते, याच्यात लागत नाही. हवा इतकी दाबायची की ती तापून लाल व्हावी आणि त्या तापल्या हवेत डिझेलचा फवारा सोडायचा, ते आपोआप पेटतं. या दाबामुळं इंजीन जड करावं लागतं. पण कमी फेऱ्यांतही त्याची ओढ मोठी असते, म्हणून ओझ्याच्या कामाला ते बैलासारखं उपयोगी पडलं.

आमच्या गावात डिझेल इंजीन रस्त्यावरून आलं नाही, ते आलं विहिरीवर. पुण्याची किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी १९४६ ची. तसली हिरवी-निळी इंजिनं विहिरीच्या काठावर बसली आणि मोटेचे बैल मोकळे झाले. हँडल मारायचं, डिझेलच्या नळीत हवा अडकली की नट ढिला करून ती काढायची, नोझल साफ करायचं, फिल्टर धुवायचा, हे सगळं पोरं विहिरीवर शिकली. पुढं रस्त्यावर ट्रक बंद पडले तेव्हा ते खोलायला जे मिस्त्री निघाले, त्यांतले कितीतरी या विहिरींवर तयार झालेले होते.

रस्त्यावरच्या लाऱ्या आधी पेट्रोलच्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा काही मोटारी कोळशाच्या गॅसवर चालवल्या गेल्या. खरा बदल झाला १९५४ साली. टाटांच्या टेल्को कंपनीनं जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बांधायला सुरुवात केली. तो करार १९६९ मध्ये संपला, नाकावरचा चांदणीचा बिल्ला गेला, तरी जुने ड्रायव्हर पुढं कितीतरी वर्षं त्या गाडीला "बेंझ" म्हणत राहिले. त्याच १९६९ साली जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. बँकेची पायरी शेतकऱ्याला चढता येऊ लागली आणि कर्जावर ट्रॅक्टर दिसू लागले. १९७२ मध्ये राज्यात एकाधिकार कापूस खरेदी सुरू झाली. केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागायच्या, त्या रांगेत हळूहळू ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या घुसल्या.

वाशिमवरून रेल्वे जात होती, पण ती मीटर गेजची. मोठ्या लायनीवर माल न्यायचा तर अकोल्याला एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. हमाली दोनदा, आणि पोती फाटायची ती वेगळी. ट्रक मात्र वावराच्या धुऱ्यापासून थेट बाजारात जायचा. रेल्वे रुंद होऊन मोठ्या गाड्या धावू लागल्या २००८ साली. तोवर मालाला ट्रकची सवय लागून गेली होती.

आम्ही दोघा भावांनी जुनी टाटा १२१० घेतली ती १९९३ साली. आकड्याचा अर्थ मिस्त्रीनं समजावला. पहिले बारा म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन बारा टनांच्या आसपास, मागचे दहा म्हणजे ताकद शंभर घोड्यांच्या घरात. गाडीसाठी सहा एकरांवर कर्ज काढलं. सातबारावर बोजा चढला. हा शब्द मला तेव्हापासून फार अचूक वाटतो. गाडीमागं जो लागतो तोही बोजा आणि सातबाराच्या इतर हक्कांत जो लिहिला जातो तोही बोजा. पहिला उतरवल्याशिवाय दुसरा उतरत नाही. माय तर गाडीची पूजा करताना नारळ फोडून म्हणाली, "वावर सोडवून आण मंग झालं."

गाडी घ्यायला मी ज्या म्हाताऱ्या मिस्त्रीला सोबत नेलं होतं, त्याची पाहण्याची पद्धत आजही कामाची आहे. मालकाला आदल्या दिवशीच सांगायचं की आम्ही येईस्तोवर इंजीन चालू करू नको. थंड इंजीन किती हँडलात, किती सेल्फात उठतं ते पाहायचं. "आवाज मंग आयक, पयले धूर पाह्य," असं तो म्हणायचा. काळा धूर असला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी, म्हणजे पंप, नोझल नाहीतर एअर फिल्टर. निळा धूर असला तर ऑइल जळतं आहे, लायनर-पिस्टन गेले. पांढरा धूर गाडी गरम झाल्यावरही थांबत नसला तर पाणी आत शिरत असेल. ऑइलची पट्टी ओढून बघायची. ऑइल दुधासारखं पांढुरकं दिसलं तर तिथूनच परत फिरायचं. नंतर गाडीखाली झोपायचं. चेसिसला वेल्डिंगचा जोड आहे का, पाट्यांपैकी एखादा तुटला आहे का, डिफ्रेन्शल गळतं का, हे उभ्यानं दिसत नाही. शेवटी कागद. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायची आणि आरसी बुकाशी ताडून पाहायचा. आधीच्या कर्जाचा बोजा बुकातून उतरला नसेल तर बयाणाही द्यायचा नाही.

आम्ही मागचा हौदा काढून त्यावर लोखंडी घोडा उभा केला, चेन कुप्पी लावली आणि बदल आरसी बुकात नोंदवून घेतला. वाशिम तेव्हा जिल्हा नव्हता, कामासाठी अकोल्याला जावं लागायचं. १ जुलै १९९८ ला वाशिम जिल्हा झाला, एमएच ३० च्या जागी नव्या गाड्यांवर एमएच ३७ आलं आणि आमच्या अर्ध्या खेटा वाचल्या.

गाडी ओढणं हे ताकदीचं काम आहे असं सगळ्यांना वाटतं. पहिल्या गिअरला १२१० काहीही हलवायची. अवघड असतं ते थांबवणं. मागच्या गाडीचं इंजीन बंद असलं की तिचे ब्रेक अर्धे मेलेले असतात. हवेचे ब्रेक असतील तर टाकीत हवा भरत नाही. पॉवर स्टिअरिंगही दगडासारखं होतं. चढावर साखळी ताठ असते तोवर ठीक. उतार लागला की साखळी सैल पडते आणि मागची दहा टनांची गाडी आपल्यावर चालून येते. म्हणून साखळी फक्त चिखलातून बाहेर काढण्यापुरती आणि रस्त्यावर न्यायला लोखंडी दांडा, हा नियम आम्ही पाळला. १९८९ च्या रस्ता नियमांत टोचनच्या दोन गाड्यांमध्ये पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको, असं लिहिलेलं होतं. वाचल्यावर वाटलं, लिहिणारा माणूस कधीतरी उतारावर टोचनमध्ये बसलेला असणार.

दुसरं काम लोक विसरतात ते जॉइंटचं. ओढायच्या ट्रकची मागची चाकं जमिनीवर राहणार असतील तर गिअरबॉक्स आणि डिफ्रेन्शलमधला जॉइंट आधी खोलून काढायचा. इंजीन बंद असताना गिअरबॉक्समधलं ऑइल वर उडत नाही, पण चाकांमुळं आतली शाफ्ट फिरत राहते. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये चांगला गिअरबॉक्स कोरडा फिरून जळतो. आठ नटांचं काम, अर्धा तास जातो, घाईतला गिऱ्हाईक कुरकुरतो. कुरकुरू द्यावं.

आणि साखळी ताठ होताना तिच्याजवळ कोणी उभं राहायचं नाही. आमच्या रस्त्यावर ट्रॉली ओढताना तार तुटून एका पोराचा पाय गेलेला मी पाहिला. त्याचा बाप ट्रॅक्टरवर बसला होता. बैलांच्या काळात दोर तुटला तर बंडी मागं सरकायची, बैल थांबायचा. इंजिनाला मागं काय झालं ते कळत नाही. ते कळणं आता माणसाच्याच अंगावर आलं आहे.

निगेचं मी एक वही केली होती. रोज सकाळी सेल्फ मारण्याआधी ऑइलची पट्टी, रेडिएटरचं पाणी आणि टायर पाहायचे. रोज संध्याकाळी हवेच्या टाकीचा नळ उघडून साचलेलं पाणी काढायचं, नाहीतर ते ब्रेकच्या वाल्वमध्ये जातं. डिझेल फिल्टरच्या वाटीतलं पाणी दर आठवड्याला. ग्रीस दर पंधरवड्याला, पिना आणि जॉइंटचे क्रॉस धरून. आमच्याकडं सोयाबीनच्या मळणीत इतका भुसा उडतो की एअर फिल्टर दिवसाआड साफ करावा लागे. वहीत डाव्या पानावर कमाई, उजव्या पानावर खर्च. घाईत केलेल्या मोठ्या कामापेक्षा वेळेवर बदललेलं ऑइल स्वस्त पडतं, हे मला कोणी सांगायची गरज उरली नाही, वहीतच दिसत होतं. सहा एकरांचा बोजा त्या उजव्या पानानं उतरवला. डावं पान तर सगळ्यांचंच भरतं.

आता काळ पुढं गेला. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव सरकारी बंधनातून सुटला आणि जून २०१७ पासून तो रोज बदलू लागला, त्यामुळं आदल्या दिवशी ठरवलेलं भाडं दुसऱ्या दिवशी चुकू लागलं. जुलै २०१८ मध्ये दोन आसांच्या ट्रकची वजनमर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली. म्हणजे बंद पडणारी गाडीही जड झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यांच्या धुरात फवारायला वेगळ्या टाकीत युरियाचं पाणी लागतं, त्यात युरिया साडेबत्तीस टक्के. गावातल्या पोरांना वाटतं घरच्या पोत्यातला युरिया घोळून टाकता येईल. तसं करू नये. खताच्या युरियातला कचरा बारीक नळ्या बुजवतो आणि हजारांचं काम निघतं. बिघाड आता लॅपटॉप लावून शोधतात. समृद्धी महामार्ग आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा भागातून गेला. त्यावर बंद पडलेली गाडी उचलायला मोठ्या क्रेनच्या गाड्या येतात आणि मागची चाकं अधांतरी धरून घेऊन जातात.

आमची १२१० भावाच्या सल्ल्यानं २००८ साली विकली. चेन कुप्पी तेवढी ठेवून घेतली. विहिरीतली मोटार वर काढायला ती अजून लागते. ट्रॅक्टर आता गावात घरोघर दिसतो. नवा घेणाऱ्या पोरांना मी घोडे किती ते विचारत नाही. ट्रॉलीला मागं लाल दिवा आहे का, हुकाच्या पिनेला खिट्टी आहे का, आणि ब्रेक दोन्ही चाकांना सारखे लागतात का, एवढंच विचारतो. तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण गप्प बसतात. मग मी त्यांना ट्रॉली रिकामी करून, मोकळ्या वावरात ब्रेक मारून दाखवायला सांगतो. मातीत दोन्ही चाकांच्या खुणा सारख्या लांबीच्या उठल्या तर म्हणतो, ने आता बाजारात.