घरासाठी विणलेला गालिचा

'गालिचा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. आज त्या शब्दाच्या माहेरी, इराणात जाऊ या.

इराणी गालिचा म्हटले की राजवाडे डोळ्यांपुढे येतात. लंडनच्या एका संग्रहालयात 1539-40 सालचा अर्दबीलचा भव्य गालिचा आहे. त्यावर मक्सूद काशानी हे नाव विणलेले आहे. खेड्यातल्या बाईच्या गालिच्यावर सहसा नाव नसते. मी बोलणार आहे ते तिच्याविषयी.

दक्षिण इराणात शिराज शहराभोवती फार्स प्रांत आहे. तिथले कश्काई लोक आपल्या धनगरांसारखे मेंढ्या घेऊन फिरत. पुरुष लोकर कातरत, माग उभारून देत. सूत काढणे, रंग निवडणे, नक्षी ठरवणे आणि विणणे हे बायकांचे काम. माग जमिनीवरच आडवा मांडलेला. मुक्काम हलला की गुंडाळून जनावराच्या पाठीवर टाकायचा. समोर नक्षीचा कागद नसे. आईचे बघून मुलगी शिके. म्हणून एकसारखे दोन गालिचे सापडत नाहीत.

लाल रंग मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांचा, निळा निळीचा. अक्रोडाच्या व डाळिंबाच्या सालीही वापरत. एका वेळी थोडीच लोकर रंगवली जाई, त्यामुळे मध्येच छटा बदले. तिला 'अबरश' म्हणतात. जाणकार तो दोष मानत नाहीत, हाताची खूण मानतात.

आणि कष्ट? चौरस इंचात 60 गाठी धरल्या, तरी चार बाय सहा फुटांच्या गालिच्यात दोन लाखांवर गाठी होतात. प्रत्येक गाठ बोटांनी मारलेली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातून मागणी वाढली. व्यापारी आले, घाई आली, आणि स्वस्त रासायनिक रंगही आले. सुरुवातीचे ते रंग उन्हाने विटत, पाण्याने पसरत. नाव खराब होऊ लागले, तेव्हा सरकारने त्या रंगांवर बंदीही घालून पाहिली.

याच फार्समध्ये 'गब्बे' नावाचा जाड, मऊ, साध्या नक्षीचा गालिचा बायका तंबूत अंथरायला विणत. व्यापाऱ्यांनी त्याला फार काळ किंमत दिली नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र परदेशातून त्यालाच मागणी आली. आपले लेकरू ज्यावर निजणार, त्यात कोण कच्चा रंग घालील? 2010 साली युनेस्कोने फार्सच्या विणकामाची अमूर्त सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली.

आपल्या गटातही हेच दिसते. नातवासाठी शिवलेल्या गोधडीचा टाका वेगळा आणि ऑर्डरच्या गोधडीचा वेगळा. मोठी ऑर्डर आली की आपणही धावतो. पुढच्या बैठकीत दोन गोष्टी ठरवू या. टाका नातवाच्या गोधडीचाच घालायचा. आणि त्या टाक्यांचे दिवस मोजल्याशिवाय भाव सांगायचा नाही.