बाळंतपणाचे अनुदान आणि तान्ह्या जिवाचे आयुष्य

पहिले बाळंतपण माहेरी आणि सुइणीच्या हातून, ही आपल्या कोकणातील जुनी रीत. आपल्या कित्येक आज्या अशाच बाळंत झाल्या. मुलग्याची सुंता आठव्या दिवशी व्हावयाची, परंतु तो दिवस उजाडेपर्यंत घरादाराच्या जिवाला घोर असे. त्यांच्या लेकीसुना इस्राएलात आल्या तेव्हा एका कायद्याने ही रीत पालटण्यास मोठा हातभार लावला. त्याची हकिगत नव्या पिढीस सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

राष्ट्रीय विम्याचा कायदा क्नेसेतने १९५३ साली संमत केला व १ एप्रिल १९५४ पासून तो अमलात आला. त्या वेळी मजूरमंत्री गोल्डा मेयर होत्या. कीव्हमधील दारिद्र्यात त्यांचे बालपण गेले होते आणि त्यांची अनेक भावंडे लहानपणीच दगावली होती. या कायद्यान्वये बिटुआह लेउमीकडून बाळंतिणीस रोख अनुदान मिळू लागले. अट एकच, बाळंतपण रुग्णालयात झाले पाहिजे. रुग्णालयाचा खर्च वेगळा भरला जाई, म्हणून हाती आलेले पैसे दुपट्यांना, अंथरुणाला व आईच्या आहाराला उपयोगी पडत.

अरब खेड्यांत आणि नव्या ओलीम वस्त्यांत घरी बाळंत होण्याचा प्रघात होता, तो पुढील काही दशकांत जवळजवळ नाहीसा झाला. बालमृत्यूही घटत गेले. आज या देशात ते हजारी सुमारे तीन इतकेच आहेत. याचे सारे श्रेय पैशाला देणे मात्र न्यायाचे नव्हे. तिपत हालावच्या परिचारिका, लसी, प्रतिजैविके आणि शुद्ध पाणी यांचाही त्यात वाटा आहे. शिवाय ज्या मातेस रुग्णालय दूर पडे, तीच नेमकी अनुदानास मुके, हा त्या अटीचा दोष होता.

मायभूमीनेही २००५ साली हाच मार्ग धरला. जननी सुरक्षा योजनेत मागास राज्यांतील ग्रामीण मातेस रुग्णालयातील बाळंतपणासाठी १,४०० रुपये देण्याचे ठरले. रुग्णालयातील बाळंतपणे झपाट्याने वाढली. परंतु नवजात बालके किती वाचली, याविषयी अभ्यासकांचे एकमत झाले नाही.

वाचकहो, यातून बोध इतकाच की पैसा आईला दारापर्यंत आणतो. दाराच्या आत कुशल हात व स्वच्छ खाट असेल तरच बाळ वाचते. दोन्ही पुरविणे हे समाजाचे कर्तव्य होय.